‘येतो’ लिहिलेलं बटण

पुण्याच्या ऑफिसात नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी पर्स खांद्याला लावली, सवयीनं म्हणाले, ‘चला, येतो,’ आणि शेजारच्या टेबलावरच्या दोघी फिस्सकन हसल्या. बाई असून ‘येतो’ काय? मी अकोल्याची. आमच्याकडे बायाही येतो म्हणतात, करतो म्हणतात, खातो म्हणतात, आणि त्यानं कोणाला मिशा फुटल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण तेव्हा वय लहान, लाजले. पुण्यात ‘येते’ आणि घरी ‘येतो’, अशी माझी जीभ दोन घरी नांदायला लागली.

‘जातो’ मात्र कुठंच नाही. निघणाऱ्यानं येतो म्हणायचं आणि मागे राहणाऱ्यानं ‘ये’ म्हणायचं, मग निघणारा चार घरं पलीकडे चाललेला असो की सातासमुद्रापार. याला अपवाद एकच. ज्या घरात मयत झाली तिथून उठताना येतो म्हणत नाहीत. अशा कारणानं पुन्हा त्या घरी यायची वेळ येऊ नये म्हणून माणूस नुसता उठतो, चपला शोधतो आणि चालू लागतो. लहानपणी मला याची फार भीती वाटायची. सतरंजीवर बसलेली माणसं एकेक करून न बोलता कमी होत जायची आणि मी आईचा पदर धरून दाराकडे बघत बसायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या एका शब्दापाशी येऊन अडलं.

लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा पुण्याची नोकरी सुटली, पण तिथं शिकलेली विद्या सोबत आली. विद्या म्हणजे लोकांना ईमेल पाठवायचे, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं उघडत राहावेत अशी तजवीज करायची. जाऊबाईंचा घरगुती पदार्थांचा धंदा होता. कुरडया, ज्वारीचे पापड, सरगुंडे, आंब्याचं रायतं, मुगवड्या. गिऱ्हाईक बहुतेक बाहेर गेलेलं वऱ्हाडी माणूस, कोणी पुण्यात, कोणी बंगलोरला, कोणी पार अमेरिकेत. वेबसाइटवर ज्यानं आपला ईमेल दिला असेल त्याला दर शुक्रवारी सकाळी माझं पत्र जायचं. त्यात विकणं कमी आणि सांगणं जास्त. अंजनगाव सुर्जीच्या बाजारात काय आलं, तिवशाच्या रस्त्यावर कुठली झाडं पाडली, यंदा पापडाला ऊन पुरलं की नाही. नुसतं ‘घ्या घ्या’ करणाऱ्याला लोक फेरीवाल्यासारखं दारातूनच वाटेला लावतात. गावाकडची खबर सांगणाऱ्याला मात्र बस म्हणतात.

तरीही माणसं सुटतातच. या धंद्यात गिऱ्हाईक भांडून जात नाही, ते गप्प होतं. कोणी पत्र उघडलं आणि कधी उघडलं हे मला माझ्या पडद्यावर दिसतं. दर शुक्रवारी उघडणारा माणूस मग एक आड एक उघडायला लागतो, मग सणावाराला, मग नाहीच. अशांना आमच्या भाषेत ‘थंड पडलेले’ म्हणतात. इंग्रजीत तो शब्द साधा असेल, पण मराठीत थंड पडलेला माणूस म्हणजे काय ते कोणाला सांगायला नको. मला तो शब्द पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

प्रत्येक पत्राच्या तळाशी एक बटण द्यावंच लागतं, ज्याला पत्रं नको असतील त्याच्यासाठी. ते एकदा दाबलं की आमचं पत्र त्या माणसाला पुन्हा जात नाही. आपण पाठवायचं म्हटलं तरी ती यंत्रणा जाऊ देत नाही, आणि तेच बरोबर आहे. मी त्यावर ‘सदस्यत्व रद्द करा’ असं लिहिलं होतं. जाऊबाईंनी ते वाचलं आणि पिठाचा हात तसाच कमरेवर ठेवला. म्हणाल्या, आपली पतसंस्था आहे काय? घरचं माणूस उठून चाललं तर कोणी रद्द म्हणते काय त्याले? मला ते पटलं. मी लिहिलं, ‘येतो’. एकच शब्द, आणि वऱ्हाडात तो बाईलाही चालतो नि बाप्यालाही. त्या दिवशी स्वतःवर भलतीच खूश होते मी.

मग दिवाळीच्या आधी अमरावतीत आमचा स्टॉल लागला. शुक्रवारच्या पत्रात मी सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण दिलं, ‘सहकुटुंब या’ म्हटलं, आणि खाली नेहमीचं बटण होतंच. ज्यांना यायचं होतं त्यांनी ते दाबलं. आमंत्रणाखाली ‘येतो’ लिहिलेलं असल्यावर माणूस दुसरं काय समजणार! जी माणसं आमच्यावर जीव टाकत होती तीच नेमकी भराभर यादीतून गळली, आणि जी आळशी होती ती तेवढी उरली. जाऊबाई आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. मग मी बटणाच्या वर बारीक अक्षरात ‘निरोप घ्यायचा असल्यास’ अशी ओळ टाकली आणि शब्द तसाच ठेवला. शब्द चांगला होता, चूक जागेची होती, असं माझं म्हणणं. अजूनही तेच आहे.

मुगवड्या अमरावतीच्या नव्हत्या. त्या अकोल्याच्या, माझ्या माहेरासमोरच्या काकूंच्या हातच्या. काकू एकट्या राहतात. काका गेले तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा दक्षिणेत कुठंतरी नोकरीला होता. त्याला पोचायला उशीर झाला, आणि उशीर म्हणजे किती, तर तो तेरवीच्याच दिवशी सकाळी दारात उभा राहिला. का उशीर झाला ते कोणाला नीट कळलं नाही, कारण विचारायच्या आधीच काकू भर बैठकीत, सगळ्या सोयऱ्यांसमोर म्हणाल्या होत्या, ‘आता कायले आला?’

मी तिथं होते. पंगतीत वाढत होते. तो पानावर बसला, खाल्लं की नाही ते पाहिलं नाही मी. संध्याकाळी तो गेला. येतो म्हणाला नाही.

आता हा त्या घराचा नियमच होता त्या दिवसांत, कोणीच म्हणत नव्हतं. त्यामुळे त्यात वावगं काही नव्हतं, असं माझी आई काकूंना सांगायची. पण तेरवी झाली की सुतक सरतं, आणि मुलगा काही त्या घरचा पाहुणा नसतो. तो रीत म्हणून गप्प गेला की कायमचा गप्प झाला, हे काकूंना तेव्हापासून कुरतडत होतं. पुढं त्याचा फोन लागेना. नोकरी बदलली, खोली बदलली, मित्रांनाही ठावठिकाणा नाही. लोक दिवसाढवळ्या असे नाहीसे होतात आणि बाकीचे आपले कांदे चिरत राहतात, हे मला तेव्हा कळलं.

एका शुक्रवारी मी पत्रात मुगवड्यांबद्दल लिहिलं. नाव नाही, फक्त एवढंच की आमच्या वड्या अकोल्याच्या एक काकू करतात, आणि डाळ पाट्यावर वाटल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. ते कोणीतरी पुढं धाडलं असावं, कारण काही दिवसांनी यादीत एक नवा पत्ता आला. पाहिल्याबरोबर ओळखला. माझा दादा आणि काकूंचा मुलगा कॉलेजात एकाच बाकावर बसायचे, आणि दोघांनी सायबर कॅफेत जाऊन एकाच वेड्या शेपटाचे ईमेल पत्ते काढले होते. तो पत्ता दुसऱ्या कोणाचा असणंच शक्य नव्हतं. मागणी काही नव्हती. मागणी करायची तर घरचा पत्ता द्यावा लागतो.

जाऊबाई म्हणाल्या, गिऱ्हाईकाची गोष्ट बाहेर सांगत नसते. खरं आहे. मी दुसऱ्याच दिवशी अकोल्याला जाऊन काकूंना सांगितली, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. दादानं त्याला ईमेल लिहिला, मीही लिहिला, उत्तर आलं नाही. काकूंनी मात्र त्याला काही विचारायला साफ नाही म्हटलं. तो वाचून राहिला ना, म्हणाल्या, मग वाचू दे, इचारलं की पळन.

तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधी काकूंचा फोन यायचा. ‘उघडलं काय वं?’ मी म्हणायची, उघडलं. त्या ‘बरं’ म्हणून फोन ठेवायच्या. मधल्या वारी फोन आला तर तो पत्रात टाकायच्या बातमीसाठी असायचा. गल्लीतला कडुनिंब तोडला म्हणून लिही. नळाला आता रोज पाणी येतं म्हणून लिही. मी तसं लिहायची, कोणाच्याही गल्लीचं वाटेल असं. गंमत अशी की इतर लोकांना ती पत्रं फार आवडायला लागली. अमेरिकेतून एका बाईंनी लिहिलं की तुमच्या कडुनिंबासाठी मी रडले. कोणाच्या पोटातलं दुखणं आणि कोणाची करमणूक!

मला मात्र एक गोष्ट खटकायला लागली होती. इकडे मी पत्र सोडलं की तिकडे त्यानं उघडलेलं असायचं. नेहमी, लगेच. दिवाळी असो, पोळा असो, एकदा चुकून पत्र भलत्याच वेळी गेलं तरीही. काकू म्हणायच्या, वाटच पाहत असन. मी हो म्हणायची. पण कोणाचीही वाट कोणी इतकी पाहत नाही. पडद्यावरची त्याची ओळ मी पुन्हा पुन्हा बघायची. त्या ओळीत माणसाचा काही आळस दिसत नव्हता, कुठं उशीर नव्हता, कधी चहा घ्यायला उठल्यासारखं वाटत नव्हतं.

शेवटी पुण्याच्या जुन्या मैत्रिणीला फोन केला. ती अजून त्याच कामात आहे. ती म्हणाली, अगं, काही फोन असेच असतात. फोन चार्जिंगला लावलेला असला आणि नेट असलं की तो आलेलं पत्र आपोआप उघडून ठेवतो. आपल्याला वाटतं माणसानं वाचलं. माणसानं फोनला हातही लावलेला नसतो.

हे काकूंना कसं सांगायचं, याचा विचार करत बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि मूर्तिजापूर येईपर्यंत ठरवलं होतं की सांगायचंच नाही. पण गच्चीवर गेले तर त्या उन्हात बसून प्लास्टिकवर वड्या टाकत होत्या. शेजारी रेडिओसारखा मोबाइल उभा करून ठेवला होता, शुक्रवार नसतानाही. मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. ऐकताना त्यांची बोटं थांबली नाहीत. वाटीतलं पीठ संपल्यावर त्यांनी वर पाहिलं.

‘मंग फोन चार्जिंगले कोन लावते?’

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कोणीतरी रोज वायर लावतं आहे. कोणीतरी नेटचे पैसे भरतं आहे. वाचत नसेल, पण आहे. काकूंनी एवढ्यावर सौदा केला आणि शुक्रवारचा फोन पूर्वीसारखा येत राहिला.

मग तो उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा कसा असतो ते अकोलेकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना पटायचं नाही. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं, दारं बंद, पडदे ओले, आणि सगळ्या गावात कोणीतरी आजारी असल्यासारखी शांतता. त्या उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी त्यानं पत्र उघडलं नाही.

काकूंचा फोन आला. मी म्हटलं, नाही उघडलं अजून. त्या म्हणाल्या, बरं. पुढच्या शुक्रवारीही नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी म्हटलं, नेट नसेल, फोन बदलला असेल, गावाला गेला असेल. त्या ऐकून घेत. पलीकडून फक्त त्यांच्या कूलरचा आवाज यायचा. एका शुक्रवारी त्यांनी विचारलंच नाही. मी हॅलो म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, ‘चार्जिंगले लावून नाही राहिला कोनी.’

मीच त्यांच्या हातात दिलेलं ज्ञान त्या मला परत देत होत्या. त्यानंतर आई सांगायची, काकू अनोळखी नंबर उचलत नाहीत. फोन वाजला आणि नाव दिसलं नाही की तो उलटा करून डब्याखाली ठेवतात, थांबेपर्यंत. वाईट खबर देणाऱ्याचा नंबर अनोळखीच असणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही. दादानं जुन्या मित्रांना विचारून पाहिलं. कोणाला काही माहीत नव्हतं, आणि प्रत्येकानं फोन ठेवताना तेच विचारलं, का रे, काही झालं काय?

इकडे अमरावतीत वेगळंच संकट. चांगली चांगली गिऱ्हाइकं तक्रार करायला लागली की पत्र मिळत नाही. शोधलं तर पत्रं स्पॅममध्ये पडत होती. यादीत न उघडणारे फार साठले की असं होतं. पत्र पोचवणाऱ्या यंत्रणांना वाटतं, हा कोण, ज्याचं कोणी उघडत नाही? मग त्या सगळ्यांचंच पत्र अडवतात. गप्प माणसांमुळे बोलती माणसंही तुटतात. यावर उपाय एकच, थंड पडलेल्यांना एक शेवटचं पत्र पाठवायचं, राहता की जाता ते विचारायचं, आणि जो काहीच बोलणार नाही त्याला यादीतून काढायचं. मी ते काम पुढं पुढं ढकलत होते. जाऊबाईंना कारण ठाऊक होतं. त्या कडक आहेत, पण दगड नाहीत. एक दिवस मिरच्यांचे देठ काढता काढता म्हणाल्या, ‘कोनालेही काढ, पन इचारल्याबिगर काढू नको.’ म्हणजे काढ, असंच त्यांचं म्हणणं होतं.

शेवटच्या पत्रात लोक काय काय लिहितात ते मला पाठ आहे. तुमची आठवण येते. ही घ्या खास सवलत. आमचं काही चुकलं का? मी बसले की असलं काहीतरी हातातून उतरायचं आणि मी पुसून टाकायची. आपण ज्याला लिहितो आहोत तो असेल की नाही हेच माहीत नसताना सवलत कसली द्यायची? शेवटी अकोल्याला गेले आणि काकूंना म्हटलं, हे पत्र सगळ्या गप्प माणसांना जाणार आहे, त्यालाही. यानंतर नाही. काय लिहू?

काकू डाळ निवडत होत्या. मला वाटलं, कडुनिंब, नळ, असंच काहीतरी सांगतील. मग खाली बघूनच म्हणाल्या, ‘लिही, की कवाही या. आता कायले आला, असं इथं कोनी म्हननार नाही.’

मी घरी येऊन तेच लिहिलं. वर दोन ओळी, की बऱ्याच दिवसांत तुमची खबर नाही. मग त्यांचं वाक्य, फक्त शहरी कानांसाठी जरा सरळ केलेलं. ‘आता कायले आला’ मात्र जसंच्या तसं ठेवलं. त्याच्याखाली दोन बटणं, ‘राहतो’ आणि ‘येतो’. शुक्रवारी सकाळी पत्र सोडलं आणि पडद्यासमोर बसायचं नाही म्हणून सासूबाईंसोबत देवळात गेले.

गप्प माणसं बोलायला लागली. पुष्कळ जण ‘राहतो’ म्हणाले. काही गेले. काहींनी उलट पत्रं लिहिली, की हे वाक्य तुम्हाला कोणी सांगितलं? काकूंच्या मुलाची ओळ तशीच होती, कोरी. शनिवार गेला, रविवार गेला. जाऊबाई काही विचारत नव्हत्या, पण माझ्या खोलीवरून जाताना पाय जरा हळू करत.

मग एका सकाळी पाहिलं तर त्याच्या ओळीत काहीतरी होतं. पत्र उघडलं होतं, आणि यावेळी लगेच नाही, इतक्या दिवसांनी, माणसासारखं रेंगाळून. आणि एक बटण दाबलेलं होतं. ‘येतो’.

आधी आनंदच झाला. मी मैत्रिणीला फोन केला, विचारलं, फोन पत्र उघडतो, पण बटण दाबतो का? ती म्हणाली, बटण फोन कशाला दाबेल, माणसानंच दाबलं असणार. म्हणजे तो होता. बोट होतं, त्या बोटात जीव होता. मी ओरडून जाऊबाईंना बोलावलं. त्या आल्या, चष्मा लावून वाचलं, आणि त्यांचा चेहरा पाहून माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पुन्हा पत्र उघडलं. ‘कधीही या’ असं लिहिलेलं, आणि त्याच्या बरोबर खाली ‘येतो’. ‘निरोप घ्यायचा असल्यास’ ही ओळ मी या पत्रात टाकलीच नव्हती. शेवटचं पत्र, दोनच बटणं, सगळ्यांना कळेल असं वाटलं होतं. स्टॉलच्या वेळी झालं तेच पुन्हा झालं होतं.

तो येतो म्हणत होता, की जातो म्हणत होता? दोन्हीला आपल्याकडे शब्द एकच. आणि यंत्रणेला आपल्या शब्दांशी घेणंदेणं नसतं. तिनं त्याच क्षणी त्याला यादीतून काढलं होतं आणि पुढं लिहिलं होतं की या पत्त्यावर आता आपल्याकडून काहीही पाठवता येणार नाही.

त्या दिवशीचा अकोल्याचा प्रवास मला आठवत नाही. आठवतं ते काकूंचं दार, आणि ते उघडंच होतं. काकू आत ओट्यापाशी उभ्या होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी हातातला डबा आधी नीट खाली ठेवला, मग भिंतीला टेकल्या. त्यांना काय वाटलं असेल ते मला लगेच कळलं आणि मी घाईघाईनं म्हटलं, आहे, काकू, तो आहे, त्यानं स्वतः बटण दाबलं. त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, बटनावर काय लिवलं होतं?

मी सांगितलं. आणि मग मी स्पष्ट करायला लागले, जे करायला आले होते ते. की काकू, तुम्ही लगेच काही धरून बसू नका. तो शब्द मीच ठेवला होता. ते बटण जाणाऱ्या माणसाचं आहे. त्यानं काय समजून दाबलं ते आपल्याला कळायला मार्ग नाही, कदाचित त्याला आता आपलं काहीच नको असेल. मी बोलत गेले आणि त्या ऐकत गेल्या, शाळेत हुशार पोरगी कविता म्हणते तेव्हा ऐकतात तसं.

‘समजते मले,’ त्या म्हणाल्या. ‘जानाराच म्हनते येतो. घरी बसनारा कायले म्हनन?’ पदरानं तोंड पुसलं. ‘पन तवा म्हनला नोता. आता म्हनला.’

मला वाटत होतं त्या रडतील, मला शिव्या देतील, निदान दाराकडे बघतील. तसलं काही झालं नाही. त्यांनी मला पाणी दिलं. मग माझ्यासमोर खाली बसल्या आणि माझ्या मोबाइलकडे बोट केलं.

‘त्याले ये म्हन.’

मी म्हटलं, काकू, आमच्या पत्रातून आता त्याला काही जात नाही. ते दार बंद झालं. त्या म्हणाल्या, तुमच्या धंद्याचं दार बंद झालं असन. येतो म्हटल्यावर मागच्यानं ये म्हनलं नाही तर त्यानं कसं जावं, नि कसं यावं? मग मी माझा स्वतःचा, साधा ईमेल उघडला. पत्ता टाकला. विषयाची जागा कोरी सोडली. काय लिहू म्हणून पाहिलं तर त्या माझ्या बोटांकडेच बघत होत्या. मी एकच अक्षर लिहिलं, ‘ये’, आणि त्यांना दाखवून पाठवलं.

साध्या ईमेलमागे यंत्र नसतं. तो पोचला का, उघडला का, माणसानं उघडला की फोननं, हे मला कधीच दिसणार नव्हतं. ते त्यांना सांगायला मी तोंड उघडलं. पण काकू उठल्या होत्या. ऊन कलायच्या आत गच्चीवरच्या वड्या उलटायच्या राहिल्या होत्या. त्यानंतर कितीतरी शुक्रवार गेले. काकूंचे फोन येतात, डाळीचे भाव सांगायला, पार्सल कधी नेता ते विचारायला. उघडलं काय, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.